आतून रोधक, वरून वाहक: जोरदार चुंबकीय क्षेत्रात काय होतं?

नमस्कार मंडळी. मागे दिसतंय ते आमचं वावर, रात्री पाऊस झालाय. काळ्या मातीत पाय टाकला की पोटरीपर्यंत रुततो, पण धुऱ्यावरून माणूस खुशाल चालत जातो. टोपोलॉजिकल इन्सुलेटरचंही असंच आहे: आतून वीज जात नाही, पृष्ठभागावरून जाते.

बिस्मथ सेलेनाइड घ्या. करडा, चकाकणारा स्फटिक. चिकटपट्टी लावून ओढली की पापुद्रे सुटतात. त्याच्या रचनेतला एकेक थर पाच अणूंचा, जाडी जेमतेम एक नॅनोमीटर. इथे पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनचा स्पिन (जणू स्वतःभोवतीची अंगभूत गिरकी) त्याच्या चालण्याच्या दिशेशी बांधलेला असतो. सरळ माघारी फिरायचं तर स्पिन उलटावा लागतो, आणि चुंबकीय नसलेली अशुद्धी ते करू शकत नाही.

थंड स्फटिकाला थोडंसं चुंबकीय क्षेत्र लावलं की हे संरक्षण ढिलं पडतं, रोध झपकन वाढतो. बरेच जण इथंच थांबतात. मला मात्र पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो.

क्षेत्र वाढवत न्या. नागपूरच्या दवाखान्यांत एमआरआय मशीन सहसा दीड किंवा तीन टेस्लाचं असतं. इथं त्याच्या कितीतरी पट लागतं, जोडीला द्रव हेलियमची थंडी. इलेक्ट्रॉन गोल फिरू लागतात, वीज फक्त कडेने, एकाच दिशेने जाते. ऊर्जा ठरावीक पातळ्यांत वाटली जाते, त्यांना लँडाऊ पातळ्या म्हणतात. साध्या अर्धवाहकात त्या सारख्या अंतरावर असतात. इथं वर जावं तसं अंतर कमी होतं, आणि एक पातळी शून्यावरच बसून राहते, क्षेत्र कितीही वाढवा! तिचा अर्धा वाटा इलेक्ट्रॉनांचा, अर्धा होलांचा (होल म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, ती धन प्रभारासारखी वागते). म्हणून एका पृष्ठभागाची हॉल वाहकता (चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाला आडव्या दिशेने मोजलेली वाहकता) e²/h या ठरावीक मूल्याच्या अर्धा, दीड, अडीच अशा पटींत येते.

१९८० साली क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना सिलिकॉनमध्ये पूर्ण पटी दिसल्या होत्या. मग इथं अर्धी पट मोजता येते का? सुटी नाही. वरचा आणि खालचा पृष्ठभाग कडांनी जोडलेले, तारा दोन्हींना लागतात. अर्धा अधिक अर्धा एक, म्हणजे हॉल रोध सुमारे २५,८१२.८ ओहम.

२०१४ साली पर्ड्यू विद्यापीठातल्या गटाने हे दाखवलं, पण बिस्मथ सेलेनाइडमध्ये नाही. त्यातले काही सेलेनियमचे अणू जागा सोडतात, त्या रिकाम्या जागांमुळे जादा इलेक्ट्रॉन येतात आणि आतूनही वीज गळते. म्हणून त्यांनी बिस्मथ, अँटिमनी, टेल्युरियम आणि सेलेनियम अशा चार मूलद्रव्यांचा स्फटिक घेतला, ज्याचा आतला भाग थंडीत खरोखर रोधक राहतो.