झोपलेल्या बाळाच्या मेंदूचे चित्रण

एमआरआयच्या नळीत जाणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली जाते: हलू नका. प्रौढ माणूस ही सूचना कशीबशी पाळतो. दोन महिन्यांच्या बाळाला ती समजण्याचा प्रश्नच येत नाही. डोके एखाददुसरा मिलिमीटर हलले तरी प्रतिमा पुसट होते, आणि मेंदूच्या कार्याचा माग घेणाऱ्या चित्रणात तर त्याहून सूक्ष्म हालचालही मोजमाप बिघडवते. निदानासाठी गरज पडली तर बाळाला गुंगीचे औषध देता येते. परंतु निरोगी बाळाला केवळ संशोधनापायी असे औषध देणे नीतीला धरून नाही, शिवाय ज्या मेंदूव्यापाराचा अभ्यास करायचा तोच त्या औषधाने बदलतो. म्हणून संशोधकांनी नैसर्गिक झोपेचा आश्रय घेतला. सोय म्हणून प्रयोगशाळेत आलेली ही झोप आता स्वतःच अभ्यासाचा विषय झाली आहे, आणि तिचा हिशेब न ठेवता बाळाच्या मेंदूविषयी केलेली विधाने अर्धवट राहतात, असे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

पद्धत वरवर पाहता साधी आहे. बाळाला दूध पाजायचे, कपड्यात गुंडाळायचे, झोप लागू द्यायची आणि मग यंत्रात ठेवायचे. अनेक ठिकाणी बाळाभोवती बारीक मण्यांनी भरलेली एक गादी लपेटतात. तिच्यातली हवा काढून घेतली की ती बाळाच्या अंगाच्या आकारात घट्ट होते. यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जाऊ शकत असल्यामुळे कानांना दुहेरी संरक्षण लागते, आणि चित्रण चालू असेपर्यंत हृदयाचे ठोके व रक्तातील ऑक्सिजन यांवर सतत लक्ष ठेवले जाते. लंडनमध्ये किंग्ज कॉलेज, इंपिरियल कॉलेज आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांनी मिळून नवजात बालकांच्या मेंदूतील जोडण्यांचा जो मोठा प्रकल्प राबवला, त्यात नवजातांच्या डोक्याच्या मापाचे, मेंदूतून येणारे संकेत टिपणारे खास ग्राहक-साधन तयार केले गेले आणि यंत्राचा आवाज एकदम सुरू न होता काही सेकंदांत हळूहळू चढेल अशी व्यवस्था केली गेली, कारण अचानक झालेल्या आवाजाने बाळ दचकते. सर्वांत कठीण वय मात्र एक ते तीन वर्षांचे. ही मुले दिवसा अनोळखी जागी सहसा झोपत नाहीत, त्यामुळे त्यांचे चित्रण रात्री, त्यांच्या नेहमीच्या झोपेच्या वेळी करावे लागते, आणि कित्येकदा सगळी तयारी होऊनही हाती काहीच लागत नाही.

रचनेचे चित्रण करायचे असेल तर झोप हे केवळ बाळाला स्थिर ठेवण्याचे साधन असते, आणि तेथे मिळालेले ज्ञान भक्कम आहे. जन्माच्या वेळी मेंदूचे आकारमान प्रौढाच्या साधारण एक तृतीयांश असते; पहिल्या वर्षात ते जवळपास दुप्पट होते आणि दुसऱ्या वर्षी वाढीचा वेग खूप मंदावतो. नवजात बाळाच्या एमआरआय प्रतिमांमध्ये करडे (मुख्यतः चेतापेशींचे) आणि पांढरे (मुख्यतः मज्जातंतूंचे) द्रव्य यांची छटा प्रौढाच्या तुलनेत उलटी दिसते, कारण मज्जातंतूंवरील मायलिनचे स्निग्ध आवरण अजून तयार व्हायचे असते. सहा महिन्यांच्या सुमारास दोन्ही द्रव्ये जवळजवळ एकाच छटेची होतात, आणि ती वेगळी ओळखण्यासाठी प्रौढांच्या प्रतिमांवरून लिहिलेली संगणक-प्रणाली तेथे हमखास चुकते. या वयासाठी स्वतंत्र प्रणाली लिहाव्या लागल्या त्या यामुळेच.

कार्याच्या चित्रणाकडे वळलो की प्रकरण गुंतागुंतीचे होते. १९९० साली सेइजी ओगावा यांनी दाखवलेले तत्त्व असे, की ऑक्सिजन वाहणारे आणि ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन यांचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात, म्हणून रक्तपुरवठ्यातील बदलांवरून मेंदूचा कोणता भाग कार्यरत आहे याचा अंदाज बांधता येतो. पुढे १९९५ मध्ये भारत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की माणूस काहीही करत नसतानाही एकमेकांशी संबंधित भागांतील हे चढउतार एका तालात चालतात. बाळांच्या अभ्यासाला याचा फार मोठा उपयोग झाला. बाळाला कोणतेही काम सांगावे लागत नाही, त्याने झोपून राहिले तरी पुरते. २००७ मध्ये पीटर फ्रान्सन आणि सहकाऱ्यांनी अकाली जन्मलेल्या बाळांमध्येही एका तालात चालणाऱ्या भागांची अशी जाळी असल्याचे दाखवले.

पण झोपलेला मेंदू म्हणजे विश्रांती घेणारा मेंदू, असे म्हणता येत नाही. नवजात बाळ दिवसातून साधारण १६ ते १७ तास झोपते, आणि त्यातला जवळपास निम्मा वेळ सक्रिय झोपेचा असतो: पापण्यांखाली डोळे फिरतात, श्वास अनियमित होतो, हातापायांना बारीक झटके येतात. युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५५ मध्ये बाळांच्या झोपेत सुमारे ५० ते ६० मिनिटांचे आवर्तन नोंदवले. प्रौढांमध्ये ते दीड तासाच्या आसपास असते. प्रौढ माणूस शांत, म्हणजे अशा हालचाली नसलेल्या, झोपेतून निद्रेत शिरतो, तर नवजात बाळ बहुधा सक्रिय झोपेतून. मग तासभराच्या चित्रणात दोन भिन्न अवस्था मिसळलेल्या असणार, हे उघड आहे. ईईजीची, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या नोंदीची, जोड नसेल तर कोणती मिनिटे कोणत्या अवस्थेची हे नंतर खात्रीने सांगता येत नाही, आणि दुर्दैवाने बहुतेक उपलब्ध माहिती अशाच बिनजोडीच्या चित्रणांतून आलेली आहे.

ही अवस्था किती महत्त्वाची, याचे एक बोलके उदाहरण २००२ सालच्या प्रयोगात मिळते. गिस्लेन देहान-लाम्बेर्झ आणि सहकाऱ्यांनी तीन महिन्यांच्या बाळांना सरळ आणि उलटे वाजवलेले बोलणे ऐकवले. डाव्या गोलार्धातील भाषेशी निगडित भाग या वयातही प्रतिसाद देत होते. परंतु उजव्या बाजूच्या पुढील भागातील प्रतिसाद जाग्या बाळांमध्येच दिसला. झोपलेल्या बाळांचीच नोंद घेतली असती, तर तो भाग या वयात निष्क्रिय असतो असा निष्कर्ष निघाला असता.

सक्रिय झोप एवढी जास्त का असते? १९६६ मध्ये हॉवर्ड रॉफवार्ग आणि सहकाऱ्यांनी असा तर्क मांडला, की बाहेरून फारसे अनुभव मिळण्याआधी मेंदू स्वतःच स्वतःला चेतना पुरवतो आणि त्यातून त्याची घडण होते. आयोवा विद्यापीठात मार्क ब्लुमबर्ग यांच्या गटाने उंदरांच्या पिल्लांवर केलेले काम मला या बाबतीत विशेष मोलाचे वाटते: झोपेतल्या त्या बारीक झटक्यांनंतर मेंदूच्या स्पर्शाशी संबंधित भागांत स्पष्ट सक्रियता उमटते, जागेपणी स्वतः केलेल्या हालचालींचे संकेत मात्र बरेचसे दाबले जातात. उंदराच्या पिल्लावरून मानवी बाळाकडे उडी मारण्याची घाई मात्र करू नये. मानवी बाळांत टोमोकी अरिची आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ईईजी आणि एमआरआय एकाच वेळी घेऊन, अकाली जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत आपोआप उसळणाऱ्या लहरींचा संबंध इन्सुला या भागाशी जोडून दाखवला. असे दुहेरी मोजमाप तांत्रिकदृष्ट्या फार अवघड असल्यामुळे ते विरळाच होते. प्रकाशाच्या साहाय्याने रक्तातील ऑक्सिजन मोजणाऱ्या टोप्या शांत असतात, बाळ मांडीवर झोपूनही त्या वापरता येतात, पण त्यांची नजर पृष्ठभागापासून दोनेक सेंटिमीटरच्या पलीकडे पोहोचत नाही.

या सगळ्याचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे भाकीत. २०१७ मध्ये रॉबर्ट इमर्सन आणि सहकाऱ्यांनी, ज्यांच्या मोठ्या भावंडांना स्वमग्नता आहे अशा ५९ बाळांचे सहाव्या महिन्यात झोपेतच चित्रण केले. पुढे निदान झालेल्या ११ बाळांपैकी ९ बाळे त्या चित्रणावरून ओळखता आली. निकाल लक्षवेधी आहे, परंतु ही बाळे मुळातच जास्त शक्यता असलेल्या कुटुंबांतली होती आणि संख्या अत्यल्प होती, म्हणून सर्वसाधारण तपासणीसाठी तो वापरता येत नाही. त्यातही झोपेचा प्रश्न आहेच. ज्या बाळांची झोपच वेगळ्या घडणीची असेल, त्यांच्या चित्रणातला फरक मेंदूतील जोडण्यांचा आहे की त्या तासातल्या झोपेचा, हे वेगळे काढायला हवे.

तीन महिन्यांचे बाळ झोपेत तपासले जाते आणि पाच वर्षांचे मूल जागेपणी पडद्यावरचे काही पाहत असताना; मग दोघांतील फरकाला आपण वाढ म्हणतो. त्यातला किती भाग वयाचा आणि किती अवस्थेचा, हे ठरवायचे तर एकाच बाळाचे दोन्ही प्रकारच्या झोपेत आणि जमेल तेव्हा जागेपणीही चित्रण करावे लागेल, सोबत ईईजी ठेवावा लागेल, आणि तुलनेसाठी मोठ्या मुलांनाही यंत्रात झोपवावे लागेल.