वरच्या बांधाचं पाणी

(दृश्य : मे महिन्यातली सकाळ. बरड माळ. दगडावर पसरलेला गट नकाशा, चार कोपऱ्यांवर चार खडे.)

हा गावाचा गट नकाशा. रेघेच्या अलीकडे एक मालक, पलीकडे दुसरा. या रेघांपायी भाऊ भावाच्या विरोधात कोर्टात गेले, हातभर बांध कोरला म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांची बोलणी बंद झाली. पाणी मात्र यातली एकही रेघ मानत नाही. माळावर पडलेला पाऊस उतार मिळेल तसा धावतो, एकाच्या वावरातली माती उचलतो, दुसऱ्याच्या वावरात घळ पाडतो आणि ओढ्याला जाऊन मिळतो. सात-बाऱ्यावर पिकाची नोंद होते, विहिरीची होते. वरून वाहत येणारं पाणी कुणाचं, याला तिथे रकाना नाही.

अहिल्यानगर जिल्ह्याचा हा भाग पर्जन्यछायेतला. पाऊस वर्षाला 400 ते 500 मिलीमीटर, तोही मोजक्या दिवसांत. पण हिशेब करून बघा. एका एकरावर एक मिलीमीटर पाऊस पडला की साधारण 4,000 लिटर पाणी होतं. 400 मिलीमीटरचं झालं 16 लाख लिटर. दहा हजार लिटरचे 160 टँकर, एकट्या एका एकरावर! आणि अशाच गावांतल्या बायका उन्हाळाभर हंडे रांगेत लावून एका टँकरची वाट बघत आल्या आहेत.

खाली आहे काळा पाषाण. त्यात पाणी धरून ठेवायला जागा थोडी. जे काही साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून पाणी अडवून मुरवायचं काम सुरू करायचं माथ्यावरून. आधी डोंगरउतारावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले लांब चर, मग शेतांत बांधबंदिस्ती, घळीत दगडी बांध आणि सगळ्यात शेवटी ओढ्यावर बंधारा. घाईघाईने आधी बंधारा बांधला, तर वरची माती येऊन तो गाळाने भरणारच.

माथा ते पायथा. म्हणायला सोपं आहे. पण या दोन टोकांच्या मध्ये शंभर जणांची शेतं असतात.

बांध घालायचे प्रयत्न काही आजचे नाहीत. 1942 चा मुंबई जमीन सुधारणा कायदा याच कामासाठी होता. पुढे सरकारी खर्चाने मैलोन्‌मैल समतल बांध पडले, दुष्काळी कामांतही पडले. ते उताराच्या हिशेबाने बरोबर होते, पण शेताच्या मधून तिरपे जायचे. औत वळवायला अडचण व्हायची, तुकडा वाया जायचा. ज्याच्या शेतात बांध, त्याला कुणी धड विचारलंच नव्हतं. मग चार-दोन हंगामांत लोकांनी ते बांध नांगरून टाकले. त्यांना आडमुठे म्हणणं सोपं आहे. मला तो दोष त्यांचा वाटत नाही.

विचारण्याची पद्धत याच जिल्ह्यात घडली. मूळचे स्वित्झर्लंडचे, पण हयात इथल्या शेतकऱ्यांत घालवलेले फादर हर्मन बाखर यांच्या प्रयत्नांतून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. पैसा येण्याआधी गावाने श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करायची, अशी त्याची अट होती. आणि त्यातलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे नेट प्लॅनिंग. एकेका गटात त्याच्या मालकासोबत जायचं, नवरा-बायको दोघांनाही बांधावर बोलवायचं आणि तिथेच उभं राहून ठरवायचं.

(दृश्य : दोन पट्ट्या आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोघे तरुण उतार मोजताहेत. बांधावर आजोबा आणि आजी.)

आजोबांचं शेत वरच्या अंगाला. त्यांचा पहिलाच सवाल रोखठोक आहे. “बांध माझ्या वावरात, आन् पाणी उतरणार त्याच्या हिरीला. मला काय?”

या सवालाला भाषणाने उत्तर देता येत नाही. म्हणून तंत्रज्ञ पोरगा खाली बसतो आणि शेताच्या वरच्या टोकाची मूठभर माती घेतो. मग खालच्या कोपऱ्यातली घेतो. वर नुसता खडा, खाली बोटाला चिकटणारी गाळवट. “आजोबा, ही तुमचीच माती. इथवर आली, उरलेली ओढ्यात गेली.” बांध पडला तर माती शेतात राहील, ओल चार दिवस जास्त टिकेल, ज्वारीची ताटं वाळायची थांबतील. खालच्याच्या विहिरीला पाणी वाढेल, हेही तो लपवत नाही.

आजी इतका वेळ गप्प होत्या. कागदावर सांडव्याची, म्हणजे बांधातून जादा पाणी बाहेर सोडायच्या जागेची, खूण केलेली. तिच्याकडे बघून म्हणतात, “सांडवा तिथं नगं. दर वर्साला पाणी ह्या कोपऱ्याला फुटतंय.” पुन्हा नळी लावून मोजतात. आजींचं बरोबर निघतं. नकाशावरची खूण खोडून दुसरी केली जाते.

आता खालच्या गटाचा मालक तक्रार घेऊन येतो. सांडव्याचं पाणी त्याच्या शेतात पडणार, तिथे खड्डा होणार. दोघांत बोलाचाली होते, जुने विषय निघतात. शेवटी सांडव्याच्या तोंडाशी दगडांची पिचिंग करायची, दगड खालच्याने द्यायचे, रचायचे दोघांनी, असं ठरतं. अर्धा दिवस गेला. शिवारात असे शंभरावर गट बाकी आहेत.

पाणी आलं की दुसराच पेच उभा राहतो. विहिरी भरल्या की बोअरची गाडी गावात शिरते, उसाचं बेणं येतं आणि वरच्याने अडवलेलं पाणी खालचा एकटा उपसून मोकळा होतो. हिवरे बाजारने हे वेळीच ओळखलं. 1994 पासून आदर्श गाव योजनेत काम करताना, सरपंच पोपटराव पवार यांच्या काळात, ग्रामसभेनेच शेतीसाठी बोअर नको, ऊस-केळी नको असं ठरवलं. पाऊस मोजायचा आणि त्या हिशेबाने पिकं घ्यायची, हा पाण्याचा ताळेबंद तिथे गावासमोर मांडला जातो.

त्याच्या कितीतरी आधी, 1972 च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी देवस्थानाची 40 एकर जमीन भाडेपट्ट्याने घेऊन पाणी पंचायतीचा प्रयोग केला. नियम असा, की पाणी जमिनीवर नाही, माणशी द्यायचं. माणसाला अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरतं. ज्याच्याकडे जमीन नाही, त्यालाही वाटा. जमीनमालकांच्या गावात हा नियम मान्य करून घेणं किती अवघड गेलं असेल! माझ्या मते कुठल्याही चरा-बंधाऱ्यापेक्षा हे काम अवघड.

(दृश्य : दुसरा पावसाळा. रात्रभर पाऊस झालेला. आजोबा डोक्यावर घोंगडी घेऊन बांधाने चाललेत.)

पिचिंगचे दोन दगड निसटलेत. खालचा मालक फावडं घेऊन आधीच येऊन उभा आहे. दोघे फारसं बोलत नाहीत. दगड उचलतात, बसवतात, पायाने दाबतात.

या कोपऱ्यातून पूर्वी पाणी चहासारखं तांबडं यायचं. आजोबा सांडव्याखाली ओंजळ धरतात. पाणी डोळ्यांजवळ नेऊन बघतात, बोटांतून सोडतात, पुन्हा ओंजळ धरतात. तळहातावर माती उरलेली नाही.