कॅसलरॉकचा आवाज

पावसाळ्यात कॅसलरॉक स्टेशनवर धुकं असं उतरतं की पलीकडचा रूळ दिसत नाही. एके काळी इंग्रजांचा हिंदुस्थान इथे संपायचा. घाट उतरला की गोव्यातलं कुळें, आणि कुळ्याला पोर्तुगालचं राज्य.

१९४७ साली बेळगावात तिरंगा चढला. घाटाखाली मात्र लिस्बनचाच हुकूम. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही सरहद्द ओलांडून गेले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मग नाकेबंदी झाली, गाडी थांबली. पलीकडे जाऊ शकत होता तो फक्त आवाज.

२५ नोव्हेंबर १९५५. गोव्याच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून गुप्त रेडिओ सुरू केला. पुढे तो इथे, कॅसलरॉकच्या रानात आला. पावसाळ्यात हे रान कसं असतं, ते खानापूर-जोयड्याच्या माणसाला सांगायला नको. पायाला जळवा, अंथरूण ओलं, आठ-आठ दिवस उन्हाचं नाव नाही. अशात बसून पोर्तुगीजमध्ये आणि कोंकणीत बातम्या लिहायच्या, वाचायच्या. एक-दोन महिने नव्हे, सहा वर्षं!

याच काळात, १ नोव्हेंबर १९५६ ला, हे रान, बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळं मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. तो दिवस इथला मराठी माणूस अजून काळा दिन म्हणून पाळतो.

डिसेंबर १९६१. बेळगावात भारताच्या फौजा जमल्या. १८ तारखेला बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडालेल्या हंटर विमानांनी गोव्यातलं बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवलं. १९ ला गव्हर्नर वासालो इ सिल्वा शरण आले. ४५१ वर्षांची सत्ता दोन दिवसांत आटोपली. मग रानातली ती दोघं विमानात बसली आणि लाउडस्पीकरवरून गोव्याला ही बातमी सांगत फिरली. पुढे त्यांनी लग्न केलं. सरदेसाई नंतर अंगोलात भारताचे राजदूत झाले. तीही पोर्तुगालचीच जुनी वसाहत.

गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा? १६ जानेवारी १९६७ ला लोकांनाच विचारलं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं, पानांना १,७२,१९१. फूल हरलं, इकडे पुष्कळांना वाईट वाटलं. पण विचारलं तर खरं! त्याच वर्षी सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने बेळगाव म्हैसुरातच ठेवायची शिफारस केली. इथे ना फूल छापलं गेलं, ना पान.

१९८७ साली गोव्यात कोंकणी राजभाषा झाली, त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झालं. आमचा सीमेचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे.

बेळगावच्या भाजीच्या गाड्या चोर्ला घाटाने गोव्यात उतरतात. कणकुंबीला चहाला थांबलेला ड्रायव्हर गोव्यातल्या साखळी गावच्या गिऱ्हाइकाला फोनवर भाव सांगतो. थोडं मराठी, थोडं कोंकणी, आणि हमालावर ओरडताना कानडी.