डोरोथीची पत्रं कोणी सांभाळली?

नमस्कार मंडळी, आज जरा लांबची गोष्ट, इंग्लंडची, १६५२ ते १६५४ मधली. बेडफर्डशायरमधल्या चिकसँड्सच्या घरात डोरोथी ऑस्बर्न नावाची पंचविशीतली मुलगी आजारी वडिलांची सेवा करत राहायची आणि आपल्या प्रियकराला, पुढे मुत्सद्दी म्हणून नाव कमावलेल्या विल्यम टेंपलला, चोरून पत्रं लिहायची. दोन्ही घरांचा लग्नाला विरोध, त्यात ऑस्बर्न मंडळी राजाच्या बाजूची, यादवीत पैसाही गेलेला, आणि भावाचा या पत्रांवर सतत डोळा. स्थळं मात्र येतच होती. एक चार मुलींचा बाप असलेला बिजवर, ज्याची तिने पत्रांत मस्त खेचलीय, आणि एक तर थेट क्रॉमवेलचा, म्हणजे राजाविरुद्ध लढलेल्या सेनापतीचा, मुलगा! शेवटी १६५४ च्या डिसेंबरात टेंपलशीच लग्न झालं. त्याआधी तिला देवी आल्या, चेहरा बिघडला, तरी गडी मागे हटला नाही.

आता गंमत बघा, त्याने तिला लिहिलेलं जवळपास सगळं गेलं. तिची सत्तरेक पत्रं राहिली, कारण त्याने ती जपली आणि पुढे नातीच्या सासरकडून ती सफकमधल्या कॉडनहॅमला, लाँग नावाच्या घराण्यात पोचली.

१८३६ मध्ये कोर्टनी नावाच्या गृहस्थाने टेंपलचं चरित्र लिहिलं आणि या पत्रांतले काही उतारे मागे पुरवणीत टाकले, तेही भीतभीत, की वाचकांना एवढी पत्रं जास्त वाटतील की काय. त्यावर १८३८ मध्ये मेकॉलेने लिहिलं की याच्या दुप्पट दिली असती तर बरं झालं असतं. हो हो, तोच मेकॉले, शिक्षणाचा विषय निघाला की आपण ज्याच्या नावाने खडे फोडतो तो. या बाबतीत मात्र माणूस बरोबर होता.

मग १८८६ मध्ये एडवर्ड पॅरी या वकिलाने त्या उताऱ्यांवरून डोरोथीवर एक लेख लिहिला, आणि तो वाचून लाँग घराण्यातल्या मिसेस लाँग यांनी त्याला कळवलं की माझ्याकडे पत्रांच्या नकला आहेत. मला या बाईंचं फार कौतुक वाटतं. झेरॉक्स नाही, दोनशे वर्षांपूर्वीचं अक्षर, स्पेलिंग मनाला येईल तसं, बहुतेक पत्रांवर तारीखच नाही, म्हणजे कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे आतल्या मजकुरावरून लावायचं, कोण आजारी आहे, कोण लंडनला गेलंय, कुठली कादंबरी वाचून झाली असले धागे पकडत. आणि हे सगळं कुणी सांगितलं म्हणून नाही, तर डोरोथीवर जीव जडला म्हणून. या नकलांवरून पॅरीने १८८८ मध्ये पुस्तक काढलं, नाव अर्थातच त्याचं मोठं झालं.

नक्कल म्हणजे मूळ नव्हे, हेही खरंच. पॅरीच्या पुस्तकात स्पेलिंग आजच्यासारखं करून टाकलंय, त्यामुळे वाचायला सोपं पण तिच्या हाताची चव थोडी जाते. सुदैवाने मूळ कागदही टिकले, १८९१ मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतले, आता ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि मूर स्मिथ या अभ्यासकाने १९२८ मध्ये त्यांच्यावरून तिच्याच स्पेलिंगसकट आवृत्ती काढली.

डोरोथी एका ठिकाणी म्हणते की पत्र कसं बोलण्यासारखं मोकळं हवं, भाषणासारखं घोटून काढलेलं नको (हे मी रेडिओवर भाषण करताना सांगतोय, असो!). आणि ती तसंच लिहिते. संध्याकाळी सहा-सात वाजता घराजवळच्या माळावर फिरायला जाते, तिथे गुरं-मेंढरं राखणाऱ्या पोरी सावलीत बसून गाणी म्हणत असतात, ती त्यांच्याशी गप्पा मारते, आणि मध्येच एकीचं लक्ष जातं की आपल्या गाई पिकात शिरतायत, की सगळ्या उठून पायाला पंख फुटल्यासारख्या पळतात. आपण मात्र तेवढ्या चपळ नाही, म्हणून मागेच राहतो, असं बाईसाहेब लिहितात.

वाचायचं असेल तर १८८८ ची आवृत्ती नेटवर फुकट मिळते. हे माळावरचं पत्र आधी शोधा, प्रस्तावना नंतर वाचली तरी चालेल.