साडेतीनची रेघ

(लालबागची चाळ. सकाळचे सहा. मोरीत नळाची धार.)

पाणी सहाला येतं नि आठच्या आत जातं. तेवढ्यात भांडी, कपडे, आंघोळी आणि एक औषध. ही आई बाटली हलवते, उलटी करते, तळ उजेडात बघते, पुन्हा हलवते. हे सस्पेन्शन आहे. तळाशी साका राहिला तर वरचं नुसतं पाणी पोटात जातं, आणि बाटली संपत आली की अर्क.

मग सुई नसलेली सिरिंज. तिच्यावर नेलपॉलिशच्या तीन रेघा: लाल, गुलाबी, आणि साडेतीन एम.एल.वरची जांभळी, गेल्या आठवड्यातली.

मुलगी तीन वर्षांची. पहिली फिट आली तेव्हा शेजारच्या आजी कांदा घेऊन धावल्या होत्या, हुंगवायला. आता त्याच आजी संध्याकाळी गॅलरीतून विचारतात, "आठ वाजले गं, औषध दिलंस का?"

जांभळी रेघ ओढली त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "परत वाढवलं? म्हणजे दुखणं वाढलं म्हणायचं."

परळला आचार्य दोंदे मार्गावर केईएम हॉस्पिटल आहे, मुलांचं वाडिया हॉस्पिटल आहे. तिथल्या ओपीडीच्या बाकांवर थोडा वेळ बसा, हा प्रश्न कानावर येईलच. पुष्कळदा दुखणं होतं तिथंच असतं. वाढलेली असते ती मुलगी.

(तान्ह्या बाळाची मूठ, जवळून.)

सुरुवात इथून करू. नवजात बाळाचं यकृत अजून पुरतं कामाला लागलेलं नसतं, मूत्रपिंडंही सावकाश चालतात. फेनोबार्बिटाल हे औषध फिटवर १९१२पासून वापरात आहे. पहिल्या आठवड्यात त्यातलं निम्मं अंगातून जायला शंभर तासांहून जास्त लागू शकतात, म्हणजे चार दिवस. महिनाभरात तेच काम सत्तर तासांच्या आसपास येतं. बाळ तेच, औषध तेच.

आणि मग बाळ रांगायला लागतं, चालायला लागतं, आणि सगळं उलटं होतं. या वयात यकृत अंगाच्या मानाने मोठं असतं आणि आता जोमात असतं. या मुलीचं औषध ऑक्सकार्बाझेपिन. दोन ते चार वर्षांची मुलं ते किलोमागे मोठ्या माणसापेक्षा सरासरी ८० टक्के जास्त वेगाने बाहेर टाकतात. चार ते बारा वर्षांत हा फरक ४० टक्क्यांवर येतो. लेव्हेटिरासिटाम हे फिटचंच दुसरं औषध. त्याचा मार्ग मुख्यतः लघवीचा, तरी शाळकरी मुलांत तेही मोठ्यांपेक्षा ३० ते ४० टक्के लवकर जातं.

म्हणून बारा किलोच्या मुलीला साठ किलोच्या बापाच्या डोसचा पाचवा हिस्सा देऊन भागत नाही. सकाळचा डोस संध्याकाळच्या आतच संपून जाईल. मूल मोठं होतं तसा किलोमागचा आकडा उतरत जातो, पण किलोच वाढत असल्याने एम.एल. चढत राहतात. सासूबाईंना दिसतात ते एम.एल.

(मोरी. बादली कलंडते.)

सगळी औषधं मात्र इतकी सरळ वागत नाहीत. फिटवरच्याच फेनिटॉइनचं बघा. या मोरीचं तोंड लहान आहे. तांब्या-तांब्याने ओता, पाणी जातं. बादली ओतली की तुंबतं, आणि मग वरून एक फुलपात्र ओतलं तरी घरात शिरतं. फेनिटॉइन मोडणाऱ्या यकृतातल्या यंत्रणेचं तोंडही असंच ठरलेलं. एका मर्यादेनंतर डोस जरासा वाढवला, तरी रक्तातली पातळी एकदम उसळते. ती साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर ठेवतात. त्यावर गेली की मूल झोकांड्या खातं, डोळे भिरभिरतात. म्हणून डॉक्टर रक्ताची लेव्हल काढायला सांगतात. घरच्यांना तो उगाच खर्च वाटतो. उगाच नसतो.

व्हॅल्प्रोएटची गोष्ट आणखी वेगळी. दोन वर्षांखालच्या मुलांत, विशेषतः सोबत फिटची इतर औषधं चालू असतील तर, ते यकृताला गंभीर इजा करू शकतं. एकाचं औषध दुसऱ्याच्या मुलाला "आमच्याकडे गुण आला" म्हणून सुचवू नये, ते यासाठी. आणि फिट थांबल्या म्हणून बाटली एका दिवसात बंद करू नये. असं केलं तर फिट परत येऊ शकतात, कधी एकामागून एक.

(ओपीडी. वजनकाटा.)

मुलगी काट्यावर उभी राहायला तयार नाही. आई तिला कडेवर घेऊन उभी राहते: ६६.४. मग मुलगी सासूबाईंकडे देऊन एकटी: ५४. नर्स केसपेपरच्या कोपऱ्यात वजाबाकी करते. १२.४. मागच्या खेपेला ११.१ होतं.

सासूबाई वाकून आकडा बघतात. "अगंबाई," म्हणतात, "सव्वा किलोनं वाढली की!"