आईचं क्रिएटिनिन

[लालबाग. सकाळचे सात. चाळीचा लाकडी जिना.]

आमच्या जिन्याला ४८ पायऱ्या आहेत. आई पहिल्या वळणावर थांबते, कठड्याला धरते आणि भाजीची पिशवी खाली ठेवते. पूर्वी मार्केटातून ही पिशवी ती एका हातात आणायची, दुसऱ्या हातात माझं दप्तर असायचं. आता शेजारचा मुलगा पिशवी वर नेऊन देतो. आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं.

आई ६७ वर्षांची आहे. डायबिटीस १९ वर्षांचा.

[आईचा हात, जवळून. सोन्याच्या पाटल्या.]

या लग्नातल्या पाटल्या. साबण लावल्याशिवाय निघायच्या नाहीत. गेल्या दिवाळीत डबे घासताना एक पाटली सरकत कोपरापर्यंत गेली. आईने तिला आतून दोरा गुंडाळला आणि विषय संपवला. काट्यावर वजन ५५ किलो, पाच वर्षांपूर्वी होतं तेवढंच. हातापायांवरचं मांस गेलं होतं आणि तेवढी चरबी पोटावर चढली होती. काट्याला त्यातला फरक कळत नाही.

[टेबलावर रिपोर्टची फाईल.]

हा त्याच महिन्याचा रिपोर्ट. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.८. क्रिएटिनिन ०.५. त्या वेळच्या डॉक्टरांनी या आकड्यावर बोट ठेवून सांगितलं, "किडनी एकदम फर्स्ट क्लास." आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. त्या ०.५ चा दुसरा अर्थ आम्हाला कळायला आणखी आठ महिने गेले. तेवढ्यात आई मोरीच्या उंबऱ्याशी दोनदा पडली.

क्रिएटिनिन येतं कुठून, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. ते येतं स्नायूंतून. स्नायूंमध्ये क्रिएटिन नावाचा साठा असतो. त्यातला साधारण दोन टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिन होऊन रक्तात उतरतो आणि किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. म्हणजे रिपोर्टवरचा आकडा दोन गोष्टींवर ठरतो: किडनी किती गाळते आणि स्नायू किती बनवतात. किडनी थकली की आकडा वाढतो. स्नायू झिजले की तो कमी होतो. आणि दोन्ही एकदम झालं, तर आकडा 'नॉर्मल' राहतो. डायबिटीसमध्ये दोन्ही एकदम होऊ शकतं, म्हणून हा रिपोर्ट नीट वाचायला हवा.

[परळ. दवाखान्याबाहेरची रांग.]

नव्या डॉक्टरांनी फाईल उघडण्याआधी आईकडे पाहिलं. "काकू, हात न टेकता खुर्चीतून उठाल? पाच वेळा. सावकाश नको, जमेल तेवढं भरभर." त्यांनी मोबाईलवर वेळ लावली. आशियाई देशांसाठी २०१९ साली ठरलेल्या निकषांत पाच वेळा उठण्याबसण्याला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर तो इशारा मानतात. आईला १७ लागले. चौथ्या वेळी तिचा हात नकळत गुडघ्यावर गेला. मग मुठीची ताकद मोजायचं यंत्र हातात दिलं. बायकांसाठी मर्यादा १८ किलो, आईची मूठ १४ वर थांबली.

मग त्यांनी रक्ताची एक चाचणी लिहून दिली, सिस्टॅटिन सी. हे एक छोटं प्रथिन आहे. शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी ते बनवतात आणि गाळायचं काम किडनीचंच. त्यामुळे स्नायू कमी असो की जास्त, याला फारसा फरक पडत नाही. आईचं आलं १.०. क्रिएटिनिनवरून काढलेली किडनीची गाळण्याची क्षमता शंभरच्या वर होती, सिस्टॅटिनवरून ती सत्तरच्या आसपास निघाली. बाई एक, आणि दोन वेगळ्या किडन्या! मधली तफावत म्हणजे झिजलेले स्नायू.

डॉक्टरांनी कागदाच्या कडेला भागाकार केला: क्रिएटिनिन भागिले सिस्टॅटिन, गुणिले शंभर. आईचं उत्तर ५०. हे गुणोत्तर जितकं कमी, तितके स्नायू कमी असण्याची शक्यता जास्त. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी २०१७ साली ते मांडलं गेलं, पुढे मधुमेहींमध्येही तपासलं गेलं. पण यावर एकट्याने निदान करायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. थायरॉईडचा त्रास, स्टेरॉईडच्या गोळ्या, अंगातली सूज, लठ्ठपणा, यांनी सिस्टॅटिनही हलतं. कुठल्या आकड्याखाली धोका, यावर एकमत नाही.

[प्रयोगशाळा. नळ्यांचा स्टँड.]

स्नायूंच्या या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. तिचं निदान करील अशी एकच रक्तचाचणी आज जगात नाही. उमेदवार पुष्कळ आहेत. मायोस्टॅटिन १९९७ मध्ये सापडलं. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन, म्हणून ते रक्तात वाढलेलं असेल असं वाटतं. पण ते बनवतात स्नायूच, त्यामुळे स्नायू घटले की तेही घटू शकतं आणि अर्थ लावताना गोंधळ होतो. सीआरपी आणि इंटरल्यूकिन-६ अंगातली धुमसती सूज दाखवतात, पण ती सूज सांध्यांची, हिरड्यांची की स्नायूंची, हे सांगत नाहीत. ड जीवनसत्त्व, आणि मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांसाठी बी-१२, हे बघायलाच हवं. कारण तिथली उणीव भरून काढता येते.

[जुनं कृष्णधवल छायाचित्र.]

साखरेच्या आजारात मांस का झडतं? १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन दिलं गेलं, तेव्हा त्याचं वजन ६५ पौंड होतं, म्हणजे तीस किलोच्याही आत. इन्सुलिन साखर पेशीत पोचवतं एवढंच आपण ऐकलेलं असतं. स्नायूंतली प्रथिनं मोडू न देणं, हेही त्याचंच काम. आईसारख्या टाईप २ मध्ये इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही, आणि स्नायू मुंगीच्या पावलांनी खचत जातात. त्यात जेवणानंतरची साखर साठवायचं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायूच. कोठार आकसलं की साखर रक्तात रेंगाळते, आणि साखर चढली की कोठार आणखी आकसतं.

आपल्याकडे हे कोठार मुळातच लहान. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच: २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. मी तो फोटो आईला दाखवला. ती याज्ञिकांकडे बघून म्हणाली, "हे तर आपल्यातलेच दिसतात."

[स्वयंपाकघर. कुकरची शिट्टी.]

आईचं ताट बघून मला रडू आलं होतं. डायबिटीस झाल्यापासून तिने एकेक पदार्थ सोडत आणला. आधी भात गेला, मग बटाटा, मग "रात्री जड नको" म्हणून डाळही. रात्री अर्धी भाकरी आणि पालेभाजी. वर संकष्टी, एकादशी. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तिला दिवसाला ४६ ग्रॅमच्या आसपास हवीत. आम्ही वाट्या मोजल्या, बेरीज तीसच्या पुढे जाईना. आम्ही तिच्या साखरेचं कौतुक करत होतो आणि ती उपाशी राहत होती.

आता सकाळी मुगाचं धिरडं, दुपारी मटकीची उसळ आणि दही, बुधवारी-शुक्रवारी बांगडा, नाहीतर अंडं. किडनीचा आकडा बघून डॉक्टरांनीच प्रमाण ठरवून दिलं. ज्यांची किडनी जास्त बिघडली आहे, त्यांनी हे ताट उचलू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावं. आणि व्यायाम: खुर्चीतून उठणं-बसणं, दहा-दहाच्या तीन फेऱ्या, हातात पाण्याच्या लिटरभर बाटल्या. ती शिवाजी पार्कला फेऱ्या मारायची तेवढं पुरेसं आहे असं आम्हाला वाटायचं. चालणं चांगलंच, पण स्नायूंना वजन उचलावं लागतं.

[शिलाई मशीन. टेप.]

चार महिने झाले. खुर्चीची वेळ १३ सेकंदांवर आली आहे. पोटरी आई शिलाईच्या टेपने स्वतः मोजते, पोटरीचा सगळ्यात जाड भाग बघून. बायकांसाठी मर्यादा ३३ सेंटिमीटर. तिची साडेतीस होती, आज एकतीस. "टेप सैल धरलीस," मी म्हणते. ती पुन्हा मोजते. एकतीसच.

भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या खाड्यांशेजारी पुढच्या तपासणीची तारीख तिने पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. खाली तिच्या अक्षरात तीन शब्द: खुर्ची, मूठ, सिस्टाटीन.