भेगेवरची काचेची पट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

जुनी वास्तू धोक्यात आहे म्हटलं की डोळ्यांपुढे बुलडोझर येतो, नाहीतर तोफा. त्यात खोटं काही नाही. बोस्नियातला मोस्तारचा दगडी पूल सव्वाचारशे वर्षं उभा होता. १९९३च्या नोव्हेंबरात तोफांच्या माऱ्यानं तो नदीत कोसळला. २००१मध्ये अफगाणिस्तानातल्या बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडवल्या. पण आज मला बोलायचंय ते वेगळ्याच मारेकऱ्याबद्दल. तो हातात थापी घेऊन येतो आणि त्याचा हेतू अगदी चांगला असतो.

ग्रीसमधल्या अथेन्सचं पार्थेनॉन हे देऊळ घ्या. अडीच हजार वर्षांपूर्वी तिथल्या कारागिरांनी संगमरवराचे चिरे चुन्याशिवाय एकमेकांना जोडले. आत लोखंडाचे आकडे बसवले आणि प्रत्येक आकड्याभोवती वितळलेलं शिसं ओतलं. पाणी लोखंडापर्यंत पोचूच नये, ही त्यामागची अक्कल. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत निकोलाओस बालानोस या अभियंत्यानं तिथले पडलेले खांब पुन्हा उभे केले. त्यानंही लोखंडच वापरलं, पण शिसं ओतलं नाही. एवढाच काय तो फरक! लोखंड गंजलं. गंजलेलं लोखंड फुगतं, तसं ते फुगलं आणि संगमरवर आतून तडकायला लागला. १९७५मध्ये ग्रीस सरकारनं तज्ज्ञांची समिती नेमली. तेव्हापासूनच्या कामाचा मोठा भाग म्हणजे बालानोसचं लोखंड काढून त्या जागी न गंजणारं टायटॅनियम बसवणं. आधीच्या दुरुस्तीची दुरुस्ती!

पिसाच्या मनोऱ्याचंही तेच. १९३४ साली पायाला भोकं पाडून आत सिमेंट सोडलं, तर मनोरा उलट आणखी कलला. शेवटी १९९०मध्ये तो लोकांसाठी बंद करावा लागला. मग उत्तरेच्या बाजूनं, पायाखालची माती थोडी थोडी उपसत, अर्ध्या अंशाच्या आसपास कल कमी केला. २००१मध्ये मनोरा पुन्हा उघडला. पूर्ण सरळ कुणालाच करायचा नव्हता. सरळ मनोरा बघायला पिसाला कोण जाईल?

आता सिमेंटचा विषय निघालाच आहे, तर जरा थांबू. जुन्या भिंतीचा चुना श्वास घेतो असं म्हणतात. म्हणजे भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या दरजांमधून बाहेर पडून वाळते. आपण त्या दरजा खरवडतो आणि सिमेंटनं भरतो. भिंत कशी ठणठणीत दिसते! पण ओल आत कोंडते, वाट शोधत दगडातून किंवा विटेतून बाहेर येते. सोबत क्षार आणते, लोणा धरतो, दगडाचे पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी बघावं तर सिमेंटची जाळी जागच्या जागी आणि मधला दगड झिजून खोल गेलेला. दरज दगडापेक्षा मऊ हवी, म्हणजे झिजायचं ते तिनं झिजावं. ती पुन्हा भरता येते, दगड भरता येत नाही.

हे कळायला फार उशीर झाला असंही नाही. १८७७मध्ये इंग्लंडात विल्यम मॉरिस हा कवी-कलावंत आणि मंडळींनी जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली, ती मुख्यतः जीर्णोद्धार करणाऱ्यांपासून वाचवण्यासाठी. तेव्हा चर्चच्या भिंतींवरचे जुने गिलावे खरवडून इमारत ‘मूळ रूपात’ आणायची टूम होती. म्हणून या मंडळींनी स्वतःचं टोपणनावच ठेवलं ‘अँटी-स्क्रेप’, खरवडण्याच्या विरोधातले. पुढे जुन्या वास्तूंच्या जतनाचे नियम घालणाऱ्या १९६४च्या व्हेनिस सनदेनं तर साफ सांगितलं की जिथे अंदाज सुरू होतो, तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे.

मोठ्या मोहिमांचं कौतुक मलाही आहे. इजिप्तमध्ये अस्वान धरणाच्या पाण्यात बुडणारं अबू सिंबेलचं प्राचीन देऊळ कापून, ६५ मीटर उंचावर पुन्हा रचलं, हे थोरच काम. त्यातूनच उभ्या राहिलेल्या जाणिवेनं युनेस्कोचा १९७२चा जागतिक वारसा करार आणि त्यातली धोक्यातल्या स्थळांची यादी आली. कंबोडियातलं आंकोरचं मंदिरक्षेत्र या यादीत १९९२ला शिरलं आणि २००४ला सुखरूप बाहेर पडलं. मात्र यादीला हात नसतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनजवळच्या एल्बे नदीच्या खोऱ्यात नवा पूल बांधू नका, असं परोपरीनं सांगूनही तो बांधलाच. २००९मध्ये ड्रेस्डेनचं नाव जागतिक वारशातून वगळलं गेलं.

खरं काम फार साधं असतं. तुंबलेली पन्हळ मोकळी करणं, छपरावरचं रोप मूळ धरायच्या आत उपटणं. भेग दिसली तर लगेच बुजवायची नाही. तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवायची, तारीख घालायची आणि वाट बघायची. काच तडकली तर भेग चालती आहे, मग पायाकडे बघा. शाबूत राहिली तर भेग जुनी आहे, तिला उगाच हात लावू नका.

मालीतल्या जेने गावाची मोठी मशीद मातीची आहे, १९०७मध्ये उभी राहिलेली. २०१६पासून जेनेची जुनी वस्ती धोक्याच्या यादीत आहे. पाऊस त्या मशिदीची माती दरवर्षी धुऊन नेतो आणि दरवर्षी गाव मिळून ती पुन्हा लिंपतं. तिच्या भिंतींतून ताडाच्या लाकडांची टोकं ओळीनं बाहेर आलेली दिसतात. पाहुण्यांना ती नक्षी वाटते. लिंपायच्या दिवशी माणसं त्याच टोकांवर पाय देऊन, चिखलाच्या पाट्या घेऊन वर चढतात.